दुसऱ्या पियानोवरची जागा

दोघी बहिणींच्या पुढच्या खोलीत दुसरं काही ठेवायला जागाच नव्हती. दोन मोठे काळे पियानो, एकाच्या वळणात दुसऱ्याचा फुगवटा बसवून, असे खेटून ठेवलेले की भिंतीकडेनं आडवं होऊन जावं लागे. एका टोकाला थोरली बसायची, दुसऱ्या टोकाला धाकटी. मध्ये दोन्ही पियानोंची लांबी. त्यामुळे एकमेकींचं तोंड दिसे, तेही स्वरलिपीच्या कागदावरून कपाळ आणि डोळे तेवढे. हात मात्र कधीच दिसत नसत. दोन पियानोंसाठी लिहिलेलं संगीत वाजवणाऱ्यांचं हे असंच असतं. समोरचीचे हात कानांनीच बघायचे.

लग्नाआधीपासून दोघी अशाच समोरासमोर वाजवत आल्या होत्या. पहिला पियानो थोरलीचा, दुसरा धाकटीचा. हे कधी ठरवलं नव्हतं. थोरलीनं पहिल्या दिवशी जी खुर्ची पकडली ती सोडलीच नाही. धाकटीचा नवरा वारल्यावर ती याच घरी राहायला आली आणि तालमींना तर ऊतच आला. लोक म्हणत, डोळे मिटले तर एकच बाई चार हातांनी वाजवतेय असं वाटतं. थोरलीला हे ऐकायला आवडे. ती एकच बाई म्हणजे आपण, असं ती मनातल्या मनात धरून चाले.

त्या हिवाळ्यात मोठ्या सभागृहातली एक मैफल ठरली होती आणि दोघींनी एक अवघड सोनाटा हाती घेतला होता. तालीम छान चालली होती, आणि एका सकाळी थोरलीच्या मनात पाल चुकचुकली.

झालं एवढंच. संथ भागाच्या शेवटी दोन्ही पियानोंवर अनेक सूर एकत्र दाबलेली एक रुंद, भरघोस कॉर्ड एकदम पडते आणि लगेच दोघींनी मिळून पुढे निघायचं असतं. थोरली निघाली. धाकटी निघाली नाही. निमिषभरच अडली, दारात कुणाला तरी पुढे जाऊ द्यावं तशी, आणि मग आली.

"काय झालं?" थोरलीनं विचारलं.

"कुठे काय?"

"थांबलीस तू."

"नाही गं. तुला वाटलं असेल."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी थोरलीनं मुद्दाम कान तिथेच लावून ठेवला. धाकटी कुणाची तरी वाट बघत होती. ज्याचा हात लहान आहे, ज्याला ती रुंद कॉर्ड एका पकडीत मावत नाही, जो खालच्या सुरापासून वरपर्यंत ती ओघळत नेतो, अशा माणसासाठी माणूस नेमका एवढाच थांबतो. थोरलीचा पंजा पुरुषासारखा मोठा होता. तिच्यासाठी कुणाला कधी थांबावं लागलं नव्हतं.

"ही दुसऱ्या कुणाबरोबर तरी वाजवते," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा निवृत्त औषधविक्रेता. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बायको कळत होती. "वाजवू दे की," तो म्हणाला. "संगीतशाळेत शिकवते, पोरींबरोबर वाजवत असेल."

"हाच सोनाटा? आणि मला न सांगता?"

"तू संशय घ्यायला लागलीस की मला बरं वाटतं. म्हणजे माझ्यावरचा सुटतो."

थोरली हसली नाही. तिनं पाळत ठेवायला सुरुवात केली होती. धाकटी शाळेतून उशिरा येऊ लागली होती. विचारलं की "मीटिंग होती" म्हणायची, आणि म्हणताना डावा हात शालीत घ्यायची. खरं बोलत नसली की हातांचं काय करावं हे धाकटीला लहानपणापासून कळत नसे, असं थोरलीचं मत. शिवाय तिच्या वाजवण्यातले खर्जाचे सूर अलीकडे मऊ पडले होते. थोरलीनं त्याचाही अर्थ लावला: जीव राखून वाजवतेय, तिकडे वाजवायला उरावा म्हणून.

आणि मग एकदा चहा उकळायची वाट बघत धाकटी ओट्याशी उभी होती आणि तिच्या उजव्या हाताची बोटं ओट्यावर हलत होती. थोरली दारातून बघत राहिली. बोटांची ती उतरती धाव तिच्या ओळखीची होती. ती दुसऱ्या पियानोची नव्हतीच. ती तिची स्वतःची, पहिल्या पियानोची होती.

म्हणजे नुसतं दुसऱ्या कुणाबरोबर वाजवणं नव्हे. हिला माझी खुर्ची हवी आहे.

"काय वाजवतेस?" तिनं विचारलं.

धाकटीनं बोटं आखडून घेतली. "काही नाही. असंच."

त्या आठवड्यात पियानो जुळवणारा आला. घरचे दोन्ही पियानो वर्षानुवर्षं तोच जुळवायचा. बोलका माणूस. तारा ताणता ताणता म्हणाला, "शाळेतल्या हॉलमधलेही दोन्ही आत्ताच केले. धाकट्या बाईंनी बजावलं होतं, दोन्ही एकमेकांशी तंतोतंत जुळायला हवेत म्हणून. त्या चिमणीबाईही होत्या, त्यांनी..." आणि थोरलीचा चेहरा बघून त्यानं उरलेलं वाक्य गिळलं.

"चिमणीनं काय?"

"काही नाही. चहा दिला," तो म्हणाला आणि पियानोच्या पोटात डोकं खुपसून बसला.

चिमणी. थोरलीची एके काळची विद्यार्थिनी. अंगानं एवढीशी, म्हणून थोरलीनंच ठेवलेलं नाव. आता तिशी ओलांडलेली, शाळेत धाकटीच्या हाताखाली शिकवणारी, चांगलं वाजवणारी. आणि हात लहान. सगळं जागच्या जागी बसलं. कुठे पाणी मुरतंय ते थोरलीला कळलं.

ती बोलली काहीच नाही. उलट गोड वागू लागली. जेवताना धाकटीला आग्रह करी आणि मध्येच सहज विचारी, "चिमणी कशी आहे गं? बरेच दिवसांत भेटली नाही." धाकटी म्हणे, "बरी आहे," आणि ताटाकडे बघे. ताकास तूर लागू देत नव्हती. थोरलीचा नवरा दोघींकडे आळीपाळीनं बघे आणि वर्तमानपत्र उघडे.

शेवटी थोरलीनं दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगितलं आणि दुपारी थेट शाळा गाठली. पूर्वी तीही तिथेच शिकवायची; प्राचार्यांशी बिनसल्यापासून तिनं त्या इमारतीत पाऊल टाकलं नव्हतं. जिन्याला तोच ओल्या फडक्याचा वास होता. खोल्याखोल्यांतून पोरं सरगम घोटत होती, एक व्हायोलिन कुठेतरी विव्हळत होतं. हॉलच्या दारापर्यंत ती शिपायाची नजर चुकवून गेली आणि तिथे तिला तिचा सोनाटा ऐकू आला.

दाराला काचेची चौकोनी झडप होती, पण ती आधी वाकून बघेना. ऐकत राहिली. पहिला पियानो वाजत होता, आणि थोरलीला तो आवडला नाही. वाजवणारी धावत होती. सरळ चालीत नाही, सूर चढू लागले की. शिवाय वरच्या सुरावर जाऊन उगाच रेंगाळायचं, मिरवायचं, आणि मग तो वेळ भरून काढायला पुन्हा धावायचं. कोण आहे ही बाई? दुसरी तिला सांगत कशी नाही?

मग नव्या सुरावटीआधी त्या बाईनं नाकानं जोरात श्वास ओढला, आणि थोरलीचा हात दाराच्या मुठीवर थिजला. तो श्वास तिचा होता. ध्वनिमुद्रण करणारा माणूस त्याच श्वासावरून दर वेळी कुरकुर करायचा. तिनं काचेतून बघितलं. पहिल्या पियानोवर धाकटी बसली होती. समोर चिमणी.

धाकटी मध्येच थांबली. "इथे ती धावते," ती चिमणीला म्हणाली. "दर वेळी. तिला वाटतं मी रेंगाळते. तू तिला आवरायला जाऊ नकोस, चिडते. खर्जातला हा एक सूर जरा घट्ट दे. ती आपोआप जागेवर येते."

"तुम्ही त्यांना हे कधी सांगितलं नाहीत?"

"पहिल्या वर्षी सांगितलं होतं. दोन दिवस पियानो बंद आणि बोलणंही बंद. त्यापेक्षा सूर घट्ट देणं सोपं."

चिमणी हसली. ते हसणं थोरलीला झोंबलं. तिनं दार ढकललं.

दोघी उठून उभ्या राहिल्या. चिमणीच्या तोंडून "मॅडम" एवढंच निघालं.

"बसा ना," थोरली म्हणाली. "चालू द्या माझी नक्कल. मजा येतेय वाटतं."

"ताई, ऐक..."

"ऐकलं की. बाहेर उभी राहून सगळं ऐकलं. माझी खुर्ची हवी होती तर तोंडानं मागायची. ही चोरी कशाला? आणि तीसुद्धा मीच शिकवलेल्या मुलीला हाताशी धरून?"

धाकटीनं शाल बाजूला केली आणि डावा हात पुढे धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेली होती.

"हात उघड," थोरली म्हणाली.

"एवढाच उघडतो."

थोरलीनं तो हात हातात घेतला आणि करंगळी सरळ करून सोडली. ती सावकाश पुन्हा आत वळली. तिनं नखानं करंगळीचं टोक दाबलं. धाकटी तिच्याकडे बघत राहिली. दुखल्याचं काही चिन्ह नाही.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. कोपरापाशी नस दाबली गेलीय. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रिया करायची, आणि उशीर करू नका. हात परत किती येईल ते सांगता येत नाही म्हणाले. खर्जाचे सूर मी दुसऱ्या बोटांवर ढकलत होते, पण आता तेही होत नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर तू मैफल रद्द केली असतीस. मग सगळ्यांना सांगत सुटली असतीस की माझ्यामुळे रद्द झाली." धाकटी खाली बसली. "मला वाटलं, चिमणीला तयार करावं. पण तुझ्याबरोबर वाजवायला नुसता सोनाटा येऊन भागत नाही, तू यावी लागतेस. म्हणून मी तू होऊन बसले. तुझ्या भागात डावा हात तसाही सोपा आहे."

चिमणी खिडकीबाहेर बघत होती, आपण इथे नाहीच अशी.

थोरलीला राग काढायला जागा सापडेना. एवढे दिवस जमवलेला संशय तिच्या हातात तसाच होता आणि तो कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. तरी तिनं एक प्रश्न विचारलाच. "खरं सांग. एवढ्याचसाठी बसलीस या खुर्चीत?"

"नाही," धाकटी म्हणाली. "हवीही होती. पहिल्यापासून. एकदा तरी वरची सुरावट आपण वाजवावी असं वाटायचं. इथे रोज यायला मला आनंद होत होता, ताई. हात जातोय याचं वाईट वाटायचं आणि तरी आनंद व्हायचा."

"मला माहीत होतं," थोरली म्हणाली. तिचं ऐकून चिमणीनं मान वळवून बघितलं, कारण तो आवाज रागाचा नव्हता. आपण अगदीच खोट्या ठरलो नाही, याचं थोरलीला त्या क्षणीही बरं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाजही.

मग तिनं कोट काढला आणि भिंतीकडच्या खुर्चीवर टाकला. "त्या कॉर्डचं आधी बघू," ती चिमणीला म्हणाली. "तुझ्या हातात मावत नाही तर ओघळत नेऊ नकोस. वरचा सूर माझ्याकडे दे. माझा अंगठा तिथे मोकळाच असतो."

धाकटी पहिल्या पियानोवरून उठायला लागली. थोरलीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू बस. आधी शेवटचा भाग वाजवून घे एकदा, चिमणीबरोबर. पूर्ण. मी तिकडे मागे बसते."

ती हॉलच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसली. सगळं ऐकलं. धाकटीनं या वेळी कुणाची नक्कल केली नाही. श्वास ओढला नाही, धावली नाही. तिची म्हणून एक तऱ्हा होती, आणि ती थोरलीनं आजवर ऐकलीच नव्हती. डाव्या हाताचे काही सूर गळले. थोरलीनं रुमाल काढला आणि सर्दी झाल्यासारखं नाक पुसलं.

मैफल झाली. चिमणीचं नाव छापलेलं बघून काही जुन्या श्रोत्यांनी भुवया उंचावल्या. बहिणींचं फाटलं असणार, अशी कुजबुज मध्यंतरात झाली. थोरलीच्या नवऱ्यानं ती ऐकली आणि कुणालाच काही समजावलं नाही. वाजवणं चांगलं झालं, पण चार हातांची एकच बाई वाटावी असं नाही. दोन वेगळ्या बायका वाजवताहेत हे स्पष्ट कळत होतं.

शस्त्रक्रिया त्याच महिन्यात झाली. त्यानंतर थोरली प्रत्येक तपासणीला बरोबर जाऊ लागली. धाकटी डॉक्टरांनी काय सांगितलं ते घरी येऊन खरं सांगेल यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता, आणि तसं ती रिक्षात बसताना तोंडावर सांगायची. दोनदा तिनं डॉक्टरांनाही हटकलं: तुम्ही आणि ही मिळून काही लपवत तर नाही ना?

एका तपासणीत डॉक्टरांनी बारीक टाचणी काढली आणि धाकटीच्या करंगळीवर टेकवली. "लागतंय?"

"हो," धाकटी म्हणाली.

"थांबा," थोरली खुर्ची पुढे ओढत म्हणाली. "ती तुमच्या हाताकडे बघून सांगतेय. छोटे, डोळे मीट."

धाकटीनं निमूटपणे डोळे मिटले. डॉक्टरांनी करंगळीच्या टोकावर टाचणी टेकवली. धाकटी गप्प. थोरलीनं श्वास रोखून धरला. टाचणी किंचित वर सरकली, नखाच्या मुळाशी आली.

"आता," धाकटी म्हणाली. "आता लागलं."