एका दाराचा तंबू

तंबूत शिरून बेगिमायने आतून चेन ओढून घेतली आणि डोळे मिटून आकडे मोजायला लागली. शंभरपर्यंत मोजायचं, मगच बाहेर यायचं, असं तिने घरून निघतानाच ठरवलं होतं. चाळीसला कापड नाकाला लागतंय असं वाटलं. डोळे उघडून पाहिलं तर कापड चांगलं हातभर वर होतं. त्रेपन्नला तिने चेन खस्सकन ओढली आणि गुडघ्यांवर रांगत बाहेर आली.

"काय गं, तंबूत गेली होतीस की हमामात?" असीलकान एजे म्हणाली. "केवढा घाम आलाय!"

एजे म्हणजे बेगिमायची थोरली नणंद. वीस उन्हाळे तिने डोंगरात जाणाऱ्या पाहुण्यांच्या तुकड्यांसाठी स्वयंपाक केला होता. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तिला वाटाड्याचा परवाना हवा होता. त्यासाठी घोडा न घेता, आपलं ओझं आपल्या पाठीवर वाहून तीन खिंडी ओलांडायच्या होत्या. दोन झाल्या होत्या. तिसरी, तेलेतीची, राहिली होती. नेहमीच्या सोबतिणीचा पाय मुरगळला, तेव्हा एजेने जेवताना सहज जाहीर केलं, "आमची केलिन येईल." घरच्या सुनेला कुणी विचारत बसत नाही. बेगिमायने मान हलवली आणि चहा ओतत राहिली.

काराकोलात मक्सातच्या अंगणात भाड्याचे तंबू टांगलेले असत. त्याने दोन पुढे काढले होते. एक नारिंगी, दोन्ही बाजूंना दारं असलेला, दोन किलोच्या थोडा वर. दुसरा राखाडी, डोक्याशी एकच दार, चालण्याच्या काठ्यांवर उभा राहणारा. बेगिमाय शिरली होती तो हाच. मक्सातने दोन्ही ताणकाट्याला अडकवून दाखवले.

"आठशे ग्रॅमचा फरक!" एजे म्हणाली. "एवढ्या वजनात दह्याचे वाळवलेले कुरुत-गोळे आपल्या दोघींना चार दिवस पुरतील. जादा दार काय भाजून खायचंय?"

"दोन दारं असली तर बरं पडेल, एजे," बेगिमाय हळूच म्हणाली. "तुम्हाला बाहेर जायचं झालं तर माझ्या अंगावरून जावं लागणार नाही."

"अगं, मी आठ-आठ गड्यांच्या अंगावरून गेलेय. एकाची झोप मोडली नाही."

मक्सात खो खो हसला. "हिच्या पायाखाली येऊन जागं व्हायची कुणाची छाती आहे?"

बेगिमायही हसली. खरं कारण तिच्या ओठांपर्यंत आलं होतं, ते हसण्याबरोबर परत खाली गेलं. मक्सातने राखाडी तंबू गुंडाळला.

अकरा वर्षांची असताना बर्फाच्या भाराने तिच्या वडिलांचा मेंढवाडा कोसळला होता. ती आत चारा टाकत होती. पाच तास ती तुळईखाली होती. तोंडावर एका मेंढीचं अंग होतं, आधी उबदार, मग हळूहळू थंड होत गेलेलं. लोकर तोंडात जायची म्हणून ती दातांवर दात घट्ट धरून नाकाने श्वास घेत राहिली. बाहेर काढल्यावर दोन दिवस तिला बोलता येईना. सासरी हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ऐन थंडीतही ती खिडकी बोटभर उघडी ठेवायची, तर तिचा नवरा उलान म्हणायचा, "माझी बायको निखारा आहे निखारा."

जेती-ओगूझच्या खोऱ्यातून त्या दोघी निघाल्या तेव्हा आभाळ स्वच्छ होतं. पहिल्या रात्री बेगिमायने "मला फार उकडतं" म्हणून तंबूचं दार उघडं ठेवलं. ऑगस्ट असूनही पहाटे पाण्याच्या बाटलीत बर्फाची कड धरली होती. एजे कुरकुरली, पण पांघरूण डोक्यावर घेऊन झोपली. बेगिमाय मात्र सगळी रात्र दारातून दिसणाऱ्या आभाळाच्या तुकड्याकडे पाहत पडून राहिली. त्या तुकड्यावर नजर असली की श्वास चालू राही. नजर हटली की छातीवर ती तुळई यायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचच्या सुमाराला त्या खिंडीच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत पोचल्या. झाडं केव्हाच खाली राहिली होती. खिंडीच्या डोक्यावर जांभळट काळा ढग बसला होता, आणि वारा एकदम थांबला होता. पक्षी नाही, किडा नाही, कशाचाच आवाज नाही.

"आज खिंड नाही," एजे आभाळाकडे पाहत म्हणाली. "तंबू ठोक. आत्ता. लवकर!"

बेगिमायने खुंट्या ठोकल्या. शेवटच्या खुंटीला पहिली गार तिच्या मनगटावर बसली, अक्रोडाएवढी. दोघी आत घुसल्या. एजेने चेन ओढली. दारावरची पावसाची झालर चेनीच्या दातांत सापडली आणि चेन पूर्ण बंद होऊन तिथेच अडकली.

"अडकू दे," एजे म्हणाली. "उलट बरं, वारा आत येणार नाही." आणि आपली स्लीपिंग बॅग पसरून ती आत शिरलीसुद्धा.

बेगिमायला पुढचं काही ऐकू आलं नाही. गारांचा आवाज एवढा मोठा होता की जणू कुणी वरून फावड्याने खडी ओतत होतं. वीज कडाडली, राखाडी कापड क्षणभर पांढरं झालं, आणि त्या उजेडात तिला दिसलं, भिंती आत येत होत्या. गारांचे ढीग दोन्ही बाजूंनी कापडाला दाबत होते. मग एक काठी सटकली. छप्पर खाली आलं. गार, ओलं कापड तिच्या तोंडाला चिकटलं.

"काही नाही, काही नाही, काठी सरकलीय," एजेचा आवाज कुठून तरी येत होता. "थांब, मी उभी करते. पाय आवर."

बेगिमायने दातांवर दात घट्ट धरले. नाकाने श्वास. नाकाने. तोंडावरचं ते थंड अंग जिवंत आहे की मेलेलं, तेवढंच तिला कळेना. चेनीवर तिची नखं ओरखडत होती. मग हाताला शिध्याची पिशवी लागली, पिशवीत एजेची कांदा चिरायची सुरी. तिने सुरी कापडात खुपसली आणि वरपासून खालपर्यंत सर्रकन ओढली.

ती बाहेर पडली तेव्हा डोक्यावर गारा पडत होत्या आणि त्या लागतायत हेही तिला कळत नव्हतं. ती फक्त श्वास घेत होती, मोठमोठे, ओरडल्यासारखे. किती वेळ कुणास ठाऊक. मागून एजेची किंकाळी आली तेव्हा ती वळली.

तंबूच्या पोटाला माणूस जाईल एवढी चीर पडली होती. गारा आणि वितळलेलं पाणी त्या चिरेतून आत कोसळत होतं. एजे पाण्यात बसली होती. तिची स्लीपिंग बॅग ओल्या पोत्यासारखी झाली होती.

"काय केलंस हे?" एजे म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "वेडे, काय केलंस हे?"

आता बेगिमायला दुसरीच भीती वाटत होती. तिचं डोकं लख्ख साफ झालं होतं आणि त्या साफ डोक्याला समोरचं सगळं दिसत होतं. साडेतीन वाजलेत, अंगावरचं भिजलंय, आडोसा उरला नाही, आणि हे मी केलंय.

"खाली," ती म्हणाली. "झाडांपर्यंत. एजे, उठा."

"माझी खिंड..."

"उठा म्हणते ना!"

सासरी आल्यापासून तिने एजेशी असा आवाज कधी काढला नव्हता. एजे उठली.

फाटका तंबू गुंडाळून, सॅक पाठीवर घेऊन दीड तास त्या गारांच्या थरावरून घसरत उतरल्या. गारा थांबल्या, पण बर्फाळ पाऊस लागला. देवदारांची पहिली रांग आली. पलीकडे, ओढ्याच्या त्या काठाला, मेंढपाळांच्या तंबूचा धूर दिसत होता. पण सकाळी ज्या ओढ्यात घोटा बुडाला नव्हता, तो आता तपकिरी होऊन दगड गडगडवत चालला होता. बेगिमायने एक पाय टाकला, पाण्याने तो कुणी ओढावा तसा ओढला. ती मागे हटली. हाका मारल्या. पाण्याच्या आवाजात तिची हाक तिलाच ऐकू आली नाही.

"शोरपोच्या रश्श्यात मीठ टाकलंस का?" एजेने मागून विचारलं.

"काय?"

"पाहुणे येतील आता. चौदा माणसं आहेत. मीठ टाकलंस का?" एजेचे ओठ निळे पडले होते. ती थरथरायची थांबली होती. बोटं उघडी ठेवून ती पावसात उभी होती, आणि जॅकेटची चेन उघडत होती. "चुलीपाशी फार उकडतंय गं."

डोंगरात थंडीने गेलेल्या माणसांबद्दल एजेनेच चहा पिताना कितीदा सांगितलं होतं, शेवटी त्यांना उकडायला लागतं म्हणून.

तिने एजेला ओढत एका दाट देवदाराखाली नेलं. तिथली जमीन जेमतेम कोरडी होती. सगळ्या सामानात कोरडी एकच वस्तू उरली होती, तिच्या सॅकच्या तळाशी रबरी पिशवीत बांधलेली उलानची स्लीपिंग बॅग. उलान आडव्या अंगाचा, म्हणून ती बॅगही ऐसपैस. तिने एजेचे ओले कपडे उतरवले. एजेने तिच्या तोंडावर एक चापट मारली, ती अगदी लहान मुलाच्या हाताची वाटली. तिला बॅगेत सरकवून बेगिमायने अंगावर फाटक्या तंबूचं कापड दुहेरी करून टाकलं, शेगडीवर पाणी तापवलं, साखर घालून तोंडाशी धरलं. पाणी हनुवटीवरून ओघळून गेलं.

एकटीच्या अंगात ऊब उरलीच नसेल तर बॅग ती आणणार कुठून?

बेगिमाय बॅगेच्या तोंडाकडे पाहत बसली. दोघी आत मावल्या असत्या, पण हात हलवायलाही जागा उरली नसती. आणि ऊब धरायची तर चेन वरपर्यंत लावायला हवी, बॅगेची टोपी तोंडावर ओढून घ्यायला हवी. वर तंबूचं कापड.

"नाही," ती स्वतःशीच मोठ्याने म्हणाली. मग तिने आपले ओले कपडे काढले आणि आत शिरली. एजेचं अंग पाठीला लागलं तेव्हा ती ओरडली. अगदी तसंच थंड होतं ते. तिने वळून एजेला मिठी मारली, आतून चेन ओढली, टोपीची दोरी आवळली. अंधार झाला.

भीती गेली वगैरे काही नाही. तुळई आली, लोकर आली, सगळं आलं. तिचे पाय आपोआप झाडले जात होते. चेनीचं टोक तिने मुठीत धरलं होतं आणि प्रत्येक श्वासाला वाटत होतं, आता ओढावी, आता ओढावी. मग तिने आपले श्वास सोडून दिले आणि एजेचे मोजायला लागली. एक. किती वेळाने दोन. तीन येतच नाही असं वाटलं तेव्हा तिने एजेला गदागदा हलवलं. तीन आला. शंभर झाले, पुन्हा एकपासून. कितीदा, ते तिला आठवत नाही.

कधीतरी एजेचं अंग हुडहुडायला लागलं, दात वाजायला लागले. त्या आवाजाने बेगिमायला रडू फुटलं.

"केलिन," अंधारात एजेचा घोगरा आवाज आला. "तुझं काळीज एवढं धडधडतंय की मेलेलाही उठून बसेल. काय झालंय तुला?"

बेगिमायने सांगितलं. मेंढवाडा, तुळई, मेंढी. बोलताना मुठीतली चेन तिने सोडली नाही.

"तू मक्सातकडे सांगितलं असतंस," एजे म्हणाली, "तर मी आधी पोटभर हसले असते. मग तो नारिंगी तंबू घेतला असता."

"तुम्ही हसला असतात म्हणूनच नाही सांगितलं, एजे."

"हं," एजे म्हणाली. थोड्या वेळाने तिने टोपीची दोरी सैल केली आणि एक बोट जाईल एवढी फट ठेवली. देवदाराचा ओला वास आत आला. बाहेर अजून संध्याकाळचा उजेड होता.

पहाटे ओढा उतरला. मेंढपाळ म्हातारा घोडा घेऊन अलीकडे आला तेव्हा दोघी एकाच बॅगेत तोंड बाहेर काढून बसल्या होत्या. त्याने एजेला घोड्यावर बसवलं आणि बेगिमायच्या हातात गरम दुधाचा वाडगा दिला. तिच्या बोटांना तो नीट धरता येईना.

एजेच्या डाव्या हाताची दोन बोटं पुढे महिनाभर बधिर होती. परवान्याची खिंड तिने पुढच्या जूनमध्ये ओलांडली, त्या पाय मुरगळलेल्या सोबतिणीबरोबर. बेगिमाय गेली नाही. तिला कुणी नेलंही नाही, आणि एजेने त्या दिवसाबद्दल घरात चकार शब्द काढला नाही. उलानला बेगिमायने स्वतः सांगितलं, घरी पोचल्याच्या संध्याकाळी, अंगणात, उभ्या उभ्या. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "थांब, मी शाल आणतो." शाल घेऊन परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.