खिडकीतून आलेलं टेबल

माझी थोरली बहीण इलिदिया लिस्बनच्या अल्फामा वस्तीत तिसऱ्या मजल्यावर राहते. नातीच्या बाप्तिस्म्याचं जेवण घरीच घालायचं म्हणून तिने बंद पडलेल्या एका खानावळीचं बारा माणसांचं टेबल घेतलं. रविवारी सकाळी मी आणि शेजारचा अमादेउ ते चढवायला लागलो. पहिल्याच वळणावर ते असं अडकलं की वर जाईना, खाली येईना.

"अरे, जिना मोजला नाहीत?" वरून ताई ओरडली.

"टेबल तू घेतलंस, ताई!"

"म्हणून मोजायचंही मीच?"

निम्मे पाहुणे वर अडकले, निम्मे खाली गल्लीत. तेवढ्यात एक परदेशी बाई तिसऱ्यांदा आमच्या दारावरून गेली. साठीची, उन्हाने नाक लाल झालेलं, हातात नकाशा. ती थांबली, जिन्यात डोकावली.

"काढ बाई, फोटो काढ," अमादेउ कुरकुरला. "आमची फजिती फुकट आहे."

तिने फोटो काढला नाही. पिशवी माझ्या गळ्यात अडकवली, टेबलाखाली वाकून पाहिलं आणि बाहेर येऊन मान वर केली. पोटमाळ्याच्या खिडकीवर तुळईचं एक टोक भिंतीबाहेर आलेलं आहे. आम्ही ते जन्मापासून बघतोय. त्यावर कबुतरं बसतात.

"जिना नाही. खिडकी," ती मोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाली. "आमच्या ॲमस्टरडॅमला सगळं खिडकीतून. पलंग, पियानो. माझे बाबा... हेच काम."

तिचं नाव हानेके. अमादेउने जन्मभर गोदीत काम केलेलं. त्याच्याकडे दोर होता, कप्पी होती.

"मी सकाळपासून हेच सांगतोय!" तो म्हणाला.

"सकाळपासून तू घोरत होतास," वरून त्याची बायको म्हणाली.

कठड्याला साबण चोपडून टेबल आधी खाली ओढलं. ताईच्या खिडकीची चौकट काढली. कप्पी तुळईला बांधली. गाठी हानेकेने स्वतः मारल्या. अमादेउची एक गाठ तिने सोडून पुन्हा बांधली. मग ठेवणीतल्या कोटातले दहा पाहुणे दोराला लागले. ती डचमध्ये ओरडायची, आम्ही पोर्तुगीजमध्ये ओढायचो. टेबल हवेत संथ गिरकी घेत वर निघालं. ते खिडकीतून आत सरकलं आणि अशी आरोळी उठली की बाळ दचकून रडायला लागलं.

हानेकेने पिशवी घेतली, नकाशा उघडला.

"ती कुठे निघाली?" ताई खिडकीतून ओरडली. "धरा तिला!"

धरायची फार गरज पडली नाही. बदकाचा भात, खारवलेल्या माशाचे वडे, वाइन. सगळं तिने दोनदा घेतलं. गोड आणायला ताई उठली तेव्हा तिने बाळ हानेकेच्या मांडीवर ठेवलं, आणि ते तिथेच झोपून गेलं.

"द्या इकडे, तुम्ही नीट जेवा," मी तीनदा म्हणालो.

तिने नाही म्हणून मान हलवली, बाळाखालचा उजवा हात तसाच ठेवला आणि डाव्या हाताने खात राहिली.