टॅमझिनच्या नावाचं झाकण

टॅमझिनने दुपारचं जेवण उरकल्या उरकल्या ओव्हन लावला तो दोनशे डिग्रीवर, आणि पहिली खेप आत सरकवली. बाहेर जुलैची थंडी, तिकडे जुलैत हिवाळा असतो, म्हणजे अशी की सकाळी गवतावर गोठलेलं दव दुपार झाली तरी सावलीत तसंच, आणि आत ही बाई अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टमध्ये, घामाघूम, कोपरापर्यंत तेल! एकेक बटाटा घासून धुवायचा, कोरडा करायचा, काट्याने टोचायचा, तेल चोळायचं, जाडं मीठ चोळायचं आणि थेट जाळीवर ठेवायचा. ट्रे नाही, फॉइल नाही, काही नाही. साल तडतडली, बोटाने टकटक केल्यावर वाजली, की मगच फॉइलमध्ये गुंडाळायचा.

ऑस्ट्रेलियाच्या खालच्या टास्मानिया बेटावर, तिच्या लाल मातीच्या पट्ट्यात असं कोणीच करत नाही बरं का. तिथे सगळे कच्चाच बटाटा फॉइलमध्ये बांधतात आणि ढकलतात आत. शिजतो, नाही असं नाही, पण साल होते ओल्या मोज्यासारखी.

फोन भांड्यांच्या रॅकला टेकवलेला, स्पीकरवर तिचा नवरा, ब्रॉडी. तिकडे लांब मुख्यभूमीवर, खाणीत कामाला.

"किती बटाटे सांगितलेत?"

"चाळीस. सगळ्यांना चाळीसच असतात."

"अगं कशाला मरतेस त्यांच्यासाठी? घर काढू विकायला, ये इकडे निघून."

"ग्लेनिसने स्वतःहून फोन केला, ब्रॉडी. स्वतःहून! म्हणाली, चाळीस तुझे धरू ना?"

"ग्लेनिसला बटाटे कमी पडले तर ती भुतालाही फोन करेल."

ग्लेनिस म्हणजे गावच्या अग्निशमन दलाचं जेवण जमवणारी बाई. टॅमझिन हसली, पण तिला ते लागलं. कारण गोष्ट अशी होती की फेब्रुवारीत ब्रॉडीने शेतातली वाळलेली धसकटं पेटवली होती. परवाना होता, पाण्याची टाकी होती, सगळं होतं, पण वारा फिरला. आग कुंपण ओलांडून गेली ती थेट शेजारच्या म्हाताऱ्या लिंडसेच्या गवताच्या कोठारात, आणि कोठारात बांधलेली त्याची कुत्री, पिप, जळून गेली. ब्रॉडी तर स्वतः अग्निशमन दलाचा स्वयंसेवक! त्याच्याच दलाने त्याचीच आग विझवली. कोणी दोष दिला नाही. शिवी दिली असती, कानाखाली वाजवली असती तर परवडलं असतं. पण नाही. नुसतं "कसा आहेस, बरा आहेस ना," आणि पाठ. दोन महिन्यांत ब्रॉडी निघून गेला.

टॅमझिन नाही गेली. घर तिचं, तिच्या आजोळचं, तिला तिथेच राहायचं होतं. आणि तिने मनाशी पक्कं केलं होतं, की आज दलाच्या बटाटा-संध्याकाळी, म्हणजे दरवर्षीच्या गावजेवणात, लोकांनी तिच्या हातचे बटाटे खाल्ले, तर राहायचं. नाही खाल्ले, तर ब्रॉडी म्हणतो तसं.

तर आता ऐका, गंमत पुढे आहे.

बटाटे न्यायचे कसे? आइसबॉक्समधून. बिअर गार ठेवायची तीच निळी पेटी, खाली टॉवेल, वर टॉवेल, मध्ये बटाटे, तासन् तास चटके बसतील असे गरम राहतात. आणि गावात दुकान एकच, त्यामुळे सगळ्यांच्या पेट्या सारख्या, निळ्या! म्हणून झाकणावर कागदी चिकटपट्टी लावायची आणि मार्करने नाव लिहायचं. झाकणावर. वर्षानुवर्षं हेच चाललंय.

हॉलमध्ये लांब टेबलावर पेट्या ओळीने लागल्या. ग्लेनिसचा नवरा केव्ह, मोठा जबाबदार माणूस, त्याने पंगत सुरू व्हायच्या आधी सगळी झाकणं काढली, आत हात घालून ऊब बघितली, झाकणं एकावर एक रचली, मग ग्लेनिस ओरडली, "अरे झाक की, वाफ चाललीये सगळी!" तशी त्याने धडाधड परत लावली.

टॅमझिनचं झाकण टेबलाच्या शेवटच्या पेटीवर होतं. ती चिमटा घेऊन तिच्यामागे उभी राहिली.

"घे ना शिर्ली, गरम आहेत."

"नको गं बाळा, आत्ताच घेतला बघ."

"तुम्ही, डग्लस?"

"पोट बघितलंस का माझं? बायको मारेल मला." आणि डग्लसने तीन पावलं पुढे जाऊन ग्लेनिसच्या पेटीतून दोन उचलले.

सगळे गोड बोलत होते हो! हसत होते, तिच्या स्वेटरचं कौतुक करत होते आणि पुढे सरकत होते. लोणी संपलं, किसलेलं चीज संपलं, कोबीची कोशिंबीर तळाला गेली, आणि हिच्या पेटीतला वरचा टॉवेलसुद्धा हलला नव्हता.

तेवढ्यात ग्लेनिसच्या पेटीपाशी कल्ला झाला.

"ग्लेनिस, यंदा काय केलंयस काय? ही साल बघ! पापडासारखी!"

"तीस वर्षांत पहिल्यांदा हिने बटाटा धड भाजला!"

"गप रे मेल्या," ग्लेनिस लाजत म्हणाली, "नवीन ओव्हन आहे."

आणि लिंडसे, तोच म्हातारा, खुर्चीत बसून तिसरा बटाटा खात होता. कुर्रम. टॅमझिनने तो आवाज ऐकला. तिने पटकन स्वतःच्या पेटीतला टॉवेल उचलला, एक बटाटा काढला, फॉइल सोडली. ओला मोजा.

तिला एका क्षणात सगळं कळलं. केव्ह आणि त्याची झाकणं! म्हणजे इतका वेळ गावाने नको नको म्हटलं ते दुसऱ्याच कोणाच्या बटाट्यांना, आणि बोटं चाटून खाल्ले ते हिचे.

आता गप्प बसावं की नाही? पण तिला वाटलं, खाल्ले की यांनी! झालं की! आता सांगितलं तर सगळे हसतील, केव्हची टर उडवतील, आणि या हसण्यात फेब्रुवारीपासूनचं ते सगळं एकदाचं वाहून जाईल. ती चिमटा हातात धरूनच लिंडसेपाशी गेली, चेहरा फुललेला.

"लिंडसे, ते माझे आहेत बरं का. केव्हने झाकणं उलटसुलट लावली. तुम्ही माझेच खाताय मघापासून!"

केव्ह "आयला!" म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं आणि थांबलं. ग्लेनिस नॅपकिनची घडी घालायला लागली.

लिंडसेने तोंडातला घास चावून गिळला. मग ताटातला अर्धा उरलेला बटाटा उचलला, फॉइलच्या कडा वर घेतल्या, अगदी नीट, भेटवस्तू बांधतात तशा, आणि टेबलावर ठेवून तिच्याकडे सरकवला.

"चांगला झालाय पोरी," तो म्हणाला. आवाजात राग नाही, काही नाही. "पण नको मला."

त्याच्या शेजारच्या शिर्लीने हळूच आपलं ताट बाजूला सारलं. मग डग्लसने. साली तर कधीच पोटात गेल्या होत्या सगळ्यांच्या, पण ताटं सरकली.

टॅमझिनने खुर्ची ओढली आणि लिंडसेच्या समोर बसली. तिने ती फॉइल उघडली आणि त्याचा उष्टा बटाटा खायला घेतला, काट्याशिवाय, हाताने, सालीसकट. सगळा हॉल बघतोय, आणि कुर्रम कुर्रम एवढाच आवाज. तिने सगळा संपवला.

ग्लेनिसला राहवेना. "अगं, होतं असं. पुढच्या वर्षी झाकणांना नाही, पेट्यांनाच नावं लावू आपण, काय?"

"पुढच्या वर्षी मी नसेन इथे," टॅमझिन बोटं पुसत म्हणाली. "घर विकतोय आम्ही."

म्हणाली आणि थांबली. एकेकाच्या तोंडाकडे बघितलं तिने. अगं असं काय, थांब की, एवढं एक कोणी म्हणालं असतं ना, तर ती राहिली असती, खरंच सांगते.

केव्हने घसा खाकरला.

"तिकडे थंडी कमी असते म्हणे," तो म्हणाला. "बरं पडेल तुला."