वगळलेला शब्द

“अकरा गावं झाली सर. एकानंबी नाही म्हटला.”

संशोधक विद्यार्थिनी डिंपलनं कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ओढणीनं घाम पुसला. भाषाविज्ञानाचे प्राध्यापक डॉ. ईश्वरदास कापगते यांनी चष्मा चढवून वरचे चार-पाच कागद पाहिले. प्रश्न होता : शेताला पाणी देऊन झालं, तलावाचं तोंड लावलं, की तुमच्याकडे काय म्हणतात? उत्तर सगळीकडे एकच. पाणी बंद केला.

“तरुण पोरांना विचारलं असशील.”

“नाही ना सर. एक आजी तो नब्बे साल की थी. तिले मी सीधाच विचारली, ‘पाणी निजला’ म्हणतेत का? तर हसून राहिली मले. म्हणे, पाणी का माणूस होय का, निजाले?”

ईश्वरदासांनी गठ्ठा उलटा करून ठेवला.

त्यांच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या तलाव बांधले होते, पण वडील रेल्वेत लागले आणि शेती सुटली. ईश्वरदास गोंदियात वाढले. गल्लीत हिंदी, शाळेत पुस्तकी मराठी. आपल्या माणसांची बोली त्यांना पाहुण्यासारखी भेटायची. म्हणूनच असेल, शब्दाचा अर्थ नेमका कुठे राहतो, या प्रश्नानं त्यांना विद्यार्थी असतानाच धरलं. १९९३ साली टेपरेकॉर्डर घेऊन ते सडक अर्जुनीच्या बाजूची गावं फिरले. एका गावात धुरपताबाई नावाच्या बाईनं सहज म्हटलं, “आता पाणी निजला.” त्या गावात सात जणांच्या तोंडून त्यांनी ते टिपलं आणि त्यावर प्रबंध लिहिला. इथला शेतकरी पाण्याला वस्तू मानत नाही. निजणारा, जागणारा जीव मानतो, आणि त्याच्या क्रियापदांत ते दिसतं, असा सिद्धान्त. पुण्यात, म्हैसूरला तो वाचला गेला. एम.ए.च्या पुस्तकात त्याचं प्रकरण झालं. दरवर्षी परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न येई.

बाकीचे लोक तेव्हाही ‘बंद केला’च म्हणत होते. ईश्वरदासांनी त्यावर तळटीप दिली होती : हिंदीचा प्रभाव.

आता निवृत्तीला तीन महिने होते. त्यांच्या बोलीकोशाची नवी आवृत्ती छपाईला जायची होती.

“उद्या त्या मूळ गावालाच जाऊ,” ते म्हणाले.

धुरपताबाई सहा वर्षांपूर्वी वारल्या होत्या. घरी त्यांची मुलगी वच्छला होती, पन्नाशीची. आईवडिलांना तीच उरली म्हणून नवऱ्यासह माहेरीच राहिलेली. ती अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. ईश्वरदासांकडे तिनं डोळे बारीक करून पाहिलं.

“तुमी टेपवाले मास्तर ना जी? लय बुढे झाले.”

तिनं खाट टाकली, पाणी आणलं. ईश्वरदासांनी गावाची, पिकाची चौकशी केली आणि मग विचारलं, “वच्छलाबाई, तुमची आई ‘पाणी निजला’ म्हणायची. आता गावात कोणी म्हणत नाही का?”

वच्छलाचं सूप थांबलं.

“गावात कवाच नोहता म्हणत कोणी. आमच्या घरी म्हणत. अन् काकाच्या घरी.”

“पण मी सात जणांकडून ऐकलं होतं.”

“होय ना. आमी चार, काकाकडचे तीन. झाले सात.”

डिंपलनं सरांकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली.

“मायनं सांगतला नाही का तुमाले?” वच्छला म्हणाली.

“नाही.”

वच्छला थोडा वेळ तांदळातले खडे वेचत राहिली. मग तिनं सांगितलं, खाली बघत, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. तिला एक मोठी बहीण होती, नूतन. सात वर्षांची. वडील बकाराम तलावाचे राखणदार. धानाला पाणी सोडायचं म्हणून एका सकाळी त्यांनी तुडुमाची खुटी उपटली. तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीखालून, बांधाखालून पाणी बाहेर काढणारं भोक, आणि खुटी हे त्याचं बूच. नूतन आतल्या बाजूनं पोहत होती, हे त्यांना माहीत नव्हतं. पाण्यानं तिला ओढून नेलं. लोक ओरडले, पाणी बंद कर, बंद कर. खुटी परत बसवेपर्यंत सगळं संपलं होतं.

“मी चार सालची होती. मायले इचारली, नूतन कोठी हाये? माय म्हणे, निजली. पाणी बी निजला. बोंबलू नोको.” वच्छलानं पदरानं नाक पुसलं. “मंग बाबासमोर कोणी म्हणला ना, पाणी सोडला, पाणी बंद केला, तर बाबा जेवता जेवता उठून जायचा. चार-चार दिवस वापस येत नोहता. म्हणून मायनं तो शबद घरात बंदच केला. निजला म्हणा, म्हणे. काकाच्या घरचेबी तसेच म्हणाले लागले. बाबा मेला, तवा सुटला तो ‘निजला’ शबद.”

परतताना महामार्गावर ट्रकांची रांग लागली होती. बराच वेळ गाडी हलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात येऊन ईश्वरदासांनी जुन्या ध्वनिफिती काढल्या. त्या संगणकावर उतरवून घेतलेल्या होत्या, पण गेल्या वीस वर्षांत त्यांनी त्या ऐकल्या नव्हत्या. हवं ते वहीत होतंच. तिसऱ्या फितीत धुरपताबाईंचा आवाज आला.

“...आता पाणी निजला. आमची नूतन होती ना जी, थे—”

“ते राहू द्या मावशी,” सत्तावीस वर्षांचे ईश्वरदास म्हणत होते, उत्साहानं. “तो शब्द परत एकदा म्हणा. नीट, टेपजवळ.”

फितीची खरखर ऐकू आली. मग बाई म्हणाल्या, “पाणी निजला.”

“अजून एकदा.”

“पाणी निजला.”

त्यांनी फीत मागे नेऊन पुन्हा ऐकली. मग संगणक बंद केला. त्या दिवशी त्यांनी तास घेतला नाही.

रविवारी ते एकटेच बसनं वच्छलाकडे गेले.

“तुमच्या आईनं सांगायला घेतलं होतं,” ते म्हणाले. “मीच थांबवलं. टेपमध्ये आहे.”

वच्छलानं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “मंग आता कायले सांगून राहिले?”

“कोशात चूक दुरुस्त करायची आहे. हा शब्द का आला, ते खरं लिहितो. तुमची परवानगी हवी.”

“म्हणजे नूतनचा नाव छापान? बाबानं खुटी उपटली, थे छापान?”

“नाव नाही घालणार.”

“गावाचा नाव हाये ना तुमच्या पुस्तकात. इथं कोणाले मालूम नाही?” ती उठून उभी राहिली. “थो शबद काढून टाका जी. आमच्या घरचा होता. गावाचाबी नोहता. अन् काऊन काढला, थे बी लिहू नोका.”

ईश्वरदासांनी मान खाली घातली. “बरं.” मग ते म्हणाले, “आईचा आवाज हवा आहे का तुम्हाला?”

“त्यात माय रडते का?”

“नाही.”

“मंग द्या.”

नवी आवृत्ती निघाली. प्रस्तावनेत एक वाक्य होतं : ‘मागील आवृत्त्यांतील “पाणी निजणे” ही नोंद चुकीची होती, ती वगळली आहे, तिच्यावर आधारलेला माझा सिद्धान्तही मी मागे घेत आहे.’ विभागप्रमुख धर्मेंद्र ते वाचून धावतच आले. ते ईश्वरदासांचेच विद्यार्थी.

“सर, कारण तरी द्या. लोक म्हणून राहिले, कापगतेनं शब्द बनवला होता. अभ्यासमंडळ प्रकरण काढून टाकणार आहे.”

“काढू दे.”

“तीस वर्षं सर!”

“एकतीस,” ईश्वरदास म्हणाले आणि उत्तरपत्रिकांकडे वळले. त्यांतल्या निम्म्या मुलांनी तोच प्रश्न सोडवला होता, सुरेख, उदाहरणासकट. त्यांनी प्रत्येकाला पूर्ण गुण दिले. मुलांनी पुस्तकात होतं तेच लिहिलं होतं.

निरोप समारंभाला बाहेरून आलेले पाहुणे बोलायला उठले. कोश, शिस्त, साधेपणा अशी स्तुती झाली. मग ते हसून म्हणाले, “आमचे कापगते सर इतके प्रतिभावान, की यांच्या टेपरेकॉर्डरला लोकांनी न बोललेले शब्दसुद्धा ऐकू यायचे!”

सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेत डिंपल ताडकन उभी राहिली. तिचा चेहरा लाल झाला होता. “सर, एक मिनट, मले बोलाचं हाये,” ती मोठ्यानं म्हणाली. लोकांनी वळून पाहिलं.

ईश्वरदासांनी मंचावरून तिच्याकडे पाहिलं आणि अगदी हळू मान हलवली. नाही.

डिंपल तशीच उभी राहिली, खुर्चीची पाठ घट्ट धरून. मग ती खाली बसली आणि तिनं तोंड ओढणीत लपवलं. पाहुण्यांनी शाल उलगडली. ईश्वरदास उठले, थोडे वाकले आणि त्यांनी ती खांद्यावर घेतली.