फिनेलने धुतलेले हात

सोसायटीत माझ्या पाठीमागे मला ‘रिठाकाकू’ म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू देत. खांदा कॉलनीत राहायला आल्यापासून माझ्या घरात फिनेल, डांबरगोळ्या आणि डासांची कॉइल यांना मज्जाव आहे. कपड्यांच्या कपाटात कडुलिंबाचा सुका पाला आणि लवंगा, बेसिनला लिंबाच्या सालींचं उकळलेलं पाणी, भांड्यांना रिठे. आमचे हे म्हणतात, आपल्या घराला वैद्याच्या दुकानाचा वास येतो. त्यांचं नाक, मी काय करणार?

त्यामुळे समोरच्या फ्लॅटमधल्या रियाच्या बाळाच्या अंगावर लाल चट्टे उठले, तेव्हा तिने माझंच दार वाजवलं. रिया नाशिकची. नवरा कल्पेश उरणकडचा कोळी, पोर्टात नोकरीला. संजना त्यांची पहिली मुलगी, जेमतेम दोन महिन्यांची. पोट, पाठ, मांड्या नुसत्या लालेलाल, आणि पोर रात्रंदिवस किरकिर करायची. डॉक्टरांनी मलम दिलं होतं आणि सांगितलं होतं, “काहीतरी कातडीला सोसत नाहीये. काय ते शोधा.”

शोधा म्हटल्यावर मी गप्प बसणारी थोडीच! पदर खोचून रियाच्या घरात शिरले. सुगंधी पावडर बाहेर काढली. लंगोट धुवायची निळी पावडर बंद करून रिठ्याच्या पाण्यात धुवायला आणि साध्या पाण्यात खळबळून काढायला लावले. डांबरगोळ्या गेल्या, कॉइल गेली, मच्छरदाणी आली. फरशीचं फिनेल बंद करून तिथे गरम पाणी आणि चमचाभर सोडा आला. कल्पेश हसून म्हणाला, “काकू, आता मलाच बाहेर काढायचं राहिलंय.”

एवढं करूनही चट्टे जागच्या जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी माझी गत. रिया मात्र माझ्यावर भरवसा ठेवून होती आणि पोरीकडे बघून रडत होती.

राहता राहिलं एकच. संजनाची आजी, कल्पेशची आई, भामाबाई. त्या पनवेलच्या बाजारात मासळी विकायच्या. बाजार आटोपला की पाटी खाली वॉचमनकडे ठेवून वर यायच्या, नातीला खोबरेल तेलाने चोळायच्या आणि पाय लांब करून त्यावर तिला घेऊन न्हाऊ घालायच्या. नवऱ्यामागे एकटीने पोरगा वाढवलेली बाई. दिवसभराचं त्यांचं सगळं सुख त्या एका आंघोळीत होतं. न्हाणं चालू असलं की त्यांचं गुणगुणणं माझ्या स्वयंपाकघरापर्यंत ऐकू यायचं.

डॉक्टर म्हणाले, काही दिवस तेल आणि मालिश थांबवून बघा. रियाने सासूला चाचरतच सांगितलं. भामाबाई “बरा” म्हणाल्या आणि खाली मान घालून गेल्या. आणि बघता बघता संजनाची कातडी निवळली! रियाला वाटलं, तेलच बाधत होतं. तिने दुसऱ्या तेलाने स्वतः चोळायला सुरुवात केली. भामाबाई मात्र रोज यायच्या, दाराशी पाटावर बसायच्या, लांबूनच नातीशी बोलायच्या आणि निघून जायच्या. रियाने कितीदा म्हटलं, “आई, घ्या ना जरा मांडीवर,” तरी हात पदराखाली. रियाला वाटलं, सासू रुसली. मलाही तसंच वाटलं.

एके दिवशी दुपारी मी जिन्यातून उतरत होते. जिन्यात फिनेलचा नेहमीचा भपकारा होता. त्यासाठी मी झाडूवाल्याला रोज चार शब्द ऐकवायचे, पण आज तर तो सुट्टीवर होता. वास पंपाच्या खोलीकडून येत होता. बघते तर तिथल्या नळापाशी भामाबाई उकिडव्या बसलेल्या. झाडूवाल्याची काळ्या फिनेलची बाटली शेजारी, आणि त्या ते फिनेल कोपरापर्यंत चोळत होत्या. पाणी पडलं की हातांवरून दुधासारखं पांढरं ओघळत होतं.

“अहो, हे काय करताय?” मी ओरडलेच.

“हात धुते, बाय,” त्या दचकून म्हणाल्या. “म्हावऱ्याचा वास साबनानं जात नाय.”

“रोज?”

“पोर झाली तवापासून. आदी थोडा घेत व्हते. सुनेनं पोरीला हात लावाचा बंद केला, तवापासून जास्ती घेते. तरी वास जात नसंल. म्हनून मीच लांब बसते.”

मी त्यांचे हात ओढून पाहिले. बोटांच्या पेरांवर भेगा, त्यातून रक्त, तळवे सोलून निघालेले. मला रडू आलं. आणि मला रडू आलं की मी चिडते.

“कोणी सांगितलं तुम्हाला वास येतो म्हणून? रियाने?”

“नाय बा. पोरीचा तोंड वाईट नाय,” त्या लगेच म्हणाल्या. “पन पोटुशी व्हती, तवा मी घरात आले का तोंड दाबून बेसिनकडं पलायची. मना काय दिसत नाय?”

मी त्यांना जवळजवळ ओढतच वर आणलं आणि रियासमोर उभं केलं. काय पाहिलं आणि काय ऐकलं ते सांगितलं. रियाने ते हात उलटसुलट करून पाहिले.

“आई, तेव्हा मला चहाचा वाससुद्धा सहन होत नव्हता हो! ह्यांच्या शर्टाचा होत नव्हता. तुम्ही मला एकदा विचारायचं तरी.”

“असा कसा विचारू?” भामाबाई म्हणाल्या. मग हलकेच त्यांनी विचारलं, “म्हंजे पोरीच्या अंगावर ते चट्टे या फिनेलनं मीच आनले?”

त्यांनी तोंडाला पदर लावला. आता माझी पाळी होती. मासळीचा वास घालवायला माझ्याकडे उपायांची काय कमी? लिंबू आहे, चिंच आहे, व्हिनेगर आहे. पण त्या सोललेल्या हातांवर यातलं काहीही घातलं असतं, तरी बाई किंचाळली असती. जन्मात पहिल्यांदा रिठाकाकूकडे उपाय नव्हता. भेगा भरेपर्यंत साधं पाणी आणि तेल, एवढंच मी कसंबसं सांगितलं. भेगा भरल्या नाहीत तर डॉक्टर.

रियाने कोमट पाण्याचं घमेलं आणलं. सासूचे हात त्यात धुतले, मऊ फडक्याने टिपले, आणि बंद करून ठेवलेली ती खोबरेल तेलाची बाटली काढली. एकेक हात मांडीवर घेऊन ती बोटाबोटाला तेल लावत राहिली. भामाबाई अवघडून बसल्या होत्या. सुनेकडून अशी सेवा करून घ्यायची त्यांना सवय नव्हती.

“आता वास तसाच ऱ्हानार,” त्या पुटपुटल्या.

रियाने त्यांचा तळहात उचलून नाकाशी नेला.

“राहिलाय,” ती म्हणाली. उठली, पाळण्यातून संजनाला उचललं आणि सासूच्या मांडीवर ठेवलं.

भामाबाईंनी दोन्ही हात वर धरले. पोरीला स्पर्श होऊ नये म्हणून हवेतच. “नको गो, नको. तिच्या अंगाला वास लागंल.”

“लागू दे,” रिया म्हणाली. “आजी आली हे तिला कसं कळणार मग?”

भामाबाईंनी हात हळूहळू खाली घेतले.