तरवडाची पहिली माळ

“मी सांगतो ते तुमच्यापैकी एकाला बी खरं वाटणार न्हाई,” देवळाच्या ओट्यावर मांडी घालून बसत ग्यानोबा म्हणाला, आणि त्या सकाळी त्याच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य खरं होतं.

सिंधुबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, ते ठाऊक होतं. ओटीचं ताट पदराखाली धरून ती पायरीपाशी उभी होती. लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून घटस्थापनेला देवीची पहिली ओटी तिच्या हातची, कारण घटावरची पहिली माळ त्यांच्या घरची. माळ तरवडाची आणि तरवड त्यांच्या बांधावरचा. ज्या वर्षी माळ चुकेल त्या वर्षी मान पुढच्या घरी जाणार, हे गावानं कधीचंच ठरवून ठेवलेलं. पुढचं घर चंद्रप्पाचं. चंद्रप्पाचं किराणा दुकान होतं. आज तो म्हाताऱ्या आईला, गुरम्माला, घेऊन अगदी सहज म्हणून देवळात आला होता. इतका सहज, की येताना ओल्या फडक्यात गुंडाळलेली तरवडाची एक माळसुद्धा मांडीवर घेऊन बसला होता.

आता तरवड म्हणजे काही केशर नव्हे. न पेरता उगवायचा, पाणी मागायचा नाही, खत मागायचा नाही, आणि नवरात्र जवळ आलं की पिवळ्या फुलांनी लदबदून बांधावर उभा राहायचा. पाय मुरगळला की पाला ठेचून बांधा, दात घासायचे तर काडी मोडा, उन्हात निघालात तर चार पानं पटक्यात खोचा. साल पूर्वी कातडं कमवायला जायची. एवढी कामाची वस्तू फुकट मिळते, ही गोष्ट गावाच्या मनाला फार दिवस खात होती. शेवटी गाव सुधारलं. जेसीबी आला, तणनाशक आलं आणि बांध नवरदेवाच्या गालासारखे तुळतुळीत झाले. मग लातूरहून ‘तरवड चहा, शुगरवर गुणकारी’ अशी पाकिटं चंद्रप्पाच्या दुकानात आली आणि लोक मोठ्या भक्तिभावानं ती विकत घेऊन प्यायला लागले. चंद्रप्पानं मात्र दुकानामागं फुटक्या ड्रममध्ये एक तरवड लावून ठेवला. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

ग्यानोबाचा बांध तेवढा सुधारायचा राहिला होता. तोही यंदा श्रावणात सुधारला. मोबाईलवर कुठल्याशा शेतकऱ्याचा चकचकीत बांध पाहून ग्यानोबानं पाठीवर तणनाशकाचा पंप चढवला आणि बांध धुऊन काढला. तरवडही त्यात आला. सिंधुबाईनं विचारलं तेव्हा म्हणाला, “पुन्हा फुटंल. लई जिद्दीचं झाड हाय.” झाड खरंच जिद्दीचं निघालं. मेलं ते मेलंच.

काल तो देगलूरहून तरवड आणतो म्हणून घरातून निघाला. सिंधुबाईनं भाकरी बांधून दिली. अहमदपूरच्या स्टँडवर देगलूरची गाडी लागलेली नव्हती, आणि समोरच्या गाड्यावर भजी नुकतीच तळून निघाली होती. असल्या पेचात माणसानं करायचं तरी काय. भजी खाता खाता ग्यानोबाला रस्त्याच्या कडेला सरकारी लागवडीतली काशिदाची झाडं दिसली, पिवळ्या फुलांनी डवरलेली. काशीद म्हणजे लांबून पाहिलं तर तरवडाचाच चुलतभाऊ. दिवेलागणीला ग्यानोबा पिशवी भरून घरी आला. सिंधुबाईनं पिशवीत पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं आणि सुई-दोरा काढला. मान तिलाही हवाच होता.

“बोला, ग्यानोबाराव,” चंद्रप्पा म्हणाला. “खऱ्याखोट्याचं आम्ही बघून घेतो.”

“तर देगलूरला उतरलो. तरवड धुंडून राहिलो, पण एक काडी न्हाई. लोक म्हणले, समदा तरवड तेलंगणात गेला. तिकडं बायकांची बतुकम्मा हाय, त्या तरवडाच्या फुलांचा ढीग रचून त्याच्याभवती फेर धरतात. म्हटलं, जातो तिकडं. हद्द वलांडली, अन् काय सांगू, डोंगरच्या डोंगर पिवळा. वरून उडणारा कावळा पिवळा दिसून राहिला. जीपवाल्यानं डोळ्याला रुमाल बांधून गाडी चालवली, एवढी चकाकी.”

“रुमाल बांधून?” गुरवानं विचारलं. वैजनाथ गुरव घटाची तयारी करून गाभाऱ्याच्या दारात माळेची वाट पाहत बसला होता.

“रोजची वाट त्याची, पाठ होती. तुम्ही डोळे मिटून आरती म्हणता, तसंच.”

गुरम्माचं माहेर देगलूरच्या पलीकडचं, तेलुगू मुलखातलं. तिला दिसायचं कमी, ऐकू मात्र नको तेवढं यायचं. “तुला तेलुगू येतंय होय रे?” तिनं विचारलं.

“कुठलं येतंय, काकू. पण तिथल्या तरवडाची काडी मोडून दात घासले अन् तोंडातून तेलुगूच पडाय लागलं. घडाघडा. बायका म्हणल्या, हे तर आपलंच माणूस. फुलं घेऊन जा म्हणल्या.”

“मग होऊन जाऊ द्या चार शब्द,” चंद्रप्पा म्हणाला.

“चूळ भरली अन् उतरलं. गुण काडीचा, माझा न्हाई.”

ओट्यावर हशा पिकला. सिंधुबाईही पदराआड हसली. नवऱ्याच्या थापा ती उभा जन्म ऐकत आली होती. त्या थापांनी आजवर कुणाचं काही बिघडवलेलं नव्हतं, उलट लग्नकार्यात आचाऱ्याला उशीर झाला की लोक ग्यानोबालाच पुढं बसवायचे.

ग्यानोबाला आता चांगलाच रंग चढला. “तिथल्या सरपंचाला शुगर होती. तरवडाच्या फुलांचा काढा पिऊन पिऊन अशी उतरली, अशी उतरली, की बोलण्यातला गोडवा बी गेला. बायको रडून राहिली. म्हणली, आधी शिव्या तरी गोड देत होते.”

“आमच्या पाकिटावर असलं काही लिहिलेलं न्हाई,” चंद्रप्पा म्हणाला.

“तुमच्या पाकिटात तरवड तरी हाय का, शेठ?”

चंद्रप्पानं मांडीवरचं फडकं उगाच सारखं केलं.

“येताना मुखेडच्या चढाला एसटीच्या इंजिनाचा पट्टा तुटला,” ग्यानोबा पुढं सांगू लागला. “समदे उतरले, ड्रायव्हर कपाळाला हात लावून बसला. मी पिशवीतनं तरवडाची फांदी काढली, साल सोलली, पीळ दिला अन् चढवली पट्ट्याच्या जागी. गाडी अशी निघाली की अहमदपूर आलेलं कंडक्टरला कळलंच न्हाई. ड्रायव्हर म्हणला, आता डेपोत सांगून हाच पट्टा कायम करतो.”

“आटपा आता,” वैजनाथ म्हणाला. “मुहूर्त निघून चालला. आणा माळ.”

“थांब की जरा,” गुरम्मा म्हणाली. “माळ दे बघू हिकडं. डोळ्याला दिसत न्हाई, पण हाताला तरवड कळतोय मला.”

“देवीच्या आधी तुमच्या हातात?” ग्यानोबानं पिशवी मागं ओढली. “काकू, तुम्हीच असं म्हणाय लागल्यावर लहानांनी काय शिकायचं?”

म्हातारीनं हात मागं घेतला. “बरं, ऱ्हायलं. पण मला एक सांग, तुझ्या बांधावर माणसाच्या उंचीचा तरवड होता. माझ्या सासूचा पाय लचकला तवा तिथलाच पाला आणलेला. मग देगलूरला कशाला गेलतास?”

वैजनाथ उठून उभा राहिला. “हाव, ते आधी कळू द्या. देवीचा तरवड ज्यानं मारला, त्याच्या हातची माळ मी घटावर चढवीत न्हाई.”

ग्यानोबाला थाप शोधावी लागली असं कधी होत नसे. आज शोधावी लागली. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, आणि सगळ्यात जवळ त्याला बायको दिसली.

“आता घरचं काय सांगावं चारचौघांत,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “हिला कितींदा बजावलं. पण पाणी तापवाय सरपण पाहिजे, घातली कुऱ्हाड. मी गावाला गेलतो. येऊन बघतो तर नुसता बुडखा. बांधावर बसून रडलो, काकू. पण घरची बाई, हाकलून थोडीच देता येती? म्हणून तर या वयात देगलूर गाठलं. हिचं पाप निस्तराय.”

ओट्यावरच्या बायका सिंधुबाईकडं पाहू लागल्या. कुणीतरी जिभेनं चकचक केलं. ग्यानोबा मान खाली घालून बसला होता, आणि स्वतःच्याच कहाणीनं त्याचे डोळे खरोखर भरून आले होते.

वैजनाथ विरघळला. “मग ग्यानोबाचा काही दोष न्हाई. बाईमाणसाच्या हातून चुकलं असंल, देवी पदरात घेती. आणा माळ. अन् वहिनी, ओटी घेऊन या आत.”

नुसतं गप्प राहायचं होतं. पायरी चढायची, उंबरा ओलांडायचा, दर वर्षीसारखी ओटी भरायची. सिंधुबाई पायरी चढली. ओट्यावर आली, आणि तिनं पदराखालचं ताट काढून गुरम्माच्या मांडीवर ठेवलं.

“काकू, धरा. पहिली ओटी आता तुमच्या घरची.” मग ती गुरवाकडं वळली. आवाज तिनं चढवला नाही. “वैजनाथभाऊ, घरात गॅस येऊन जमाना झाला. मला कुणाच्या सरपणाची गरज पडून राहिली? तरवड यांनी मारला, पाठीवर पंप घेऊन, मोबाईलात बघून बघून. अन् ही माळ बी तरवडाची न्हाई, काशिदाची हाय. ओवली मी, तेवढं पाप माझं. पण देगलूर ऱ्हाऊ द्या, यांनी काल अहमदपूरच्या भज्याच्या गाड्याम्होरं पाऊल टाकलेलं न्हाई.”