मागणी क्रमांक सतरा

मागणीपत्रातल्या शेवटच्या तीन मागण्या सोडून देण्यासाठीच असतात, हे परळच्या त्या ट्रस्ट हॉस्पिटलात झाडूवाल्यापासून ट्रस्टींपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. युनियनने त्या आवेशाने मांडायच्या, व्यवस्थापनाने तितक्याच आवेशाने नाकारायच्या, मग युनियनने जड अंतःकरणाने सोडायच्या. त्या बदल्यात वरच्या मागण्यांत काहीतरी पदरात पडायचं. दोन्ही बाजूंना आपणच जिंकलो असं वाटायचं आणि दोघांचे पेढे एकाच दुकानातून यायचे.

गणपत धुरी एकवीस वर्षं युनियनचे सरचिटणीस होते आणि जड अंतःकरण हा त्यांचा हुकमी एक्का होता. शिमग्याची दोन दिवस भरपगारी सुट्टी त्यांनी आजवर सहा करारांत सोडली होती आणि दर वेळी पहिल्यांदाच सोडत असल्यासारखी.

यंदा मागण्या सोळा होत्या. पहिली, अडतीस कंत्राटी कामगारांना कायम करा. पंधरावी शिमगा. सोळावी, रविवारी कॅन्टीनमध्ये मटण. व्यवस्थापन चर्चेचं घोंगडं भिजत ठेवायला लागलं, तेव्हा धुरींनी काळ्या फिती लावायचा आदेश काढला. सकाळी आठला दोनशे दंडांवर फिती लागल्या. साडेआठला मेट्रनबाईंनी नोटीस फिरवली आणि आठ पस्तीसला एकशे नव्याण्णव फिती खिशात गेल्या. धुरी तेव्हा वरच्या मजल्यावर साहेबलोकांसमोर बसले होते. तिथे बरं दिसत नाही म्हणून त्यांनी स्वतःची फीत जिन्यातच काढली होती.

फीत राहिली एकट्या राधाबाईंच्या दंडावर. बाळंतिणींच्या वॉर्डातल्या आया, सव्वीस वर्षं नोकरी. मेट्रनला त्या म्हणाल्या, "धुरीभाऊंनी लावायला सांगितलंय. ते काढा म्हणाले की काढीन."

त्या दिवशी भाऊ काही म्हणाले नाहीत, कारण वर बसलेल्या भाऊंना पत्ताच नव्हता. हुकूम मोडल्याबद्दल खात्यांतर्गत चौकशी झाली आणि दीड महिन्यात राधाबाईंना कामावरून कमी केलं.

मग धुरींनी मागणीपत्रात भर घातली: राधाबाईंना पूर्ववत कामावर घ्या. खरं तर ती पहिली जायला हवी होती. पण खजिनदार विनीत लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाला, "भाऊ, वर घुसवली तर सगळे नंबर चेंज. आपण दोन महिने 'मागणी नंबर एक' करून बोंबलतोय. खाली टाकू ना, जागा आहे."

"टाक," धुरी म्हणाले.

मागणी मटणाच्या खाली गेली.

कराराच्या दिवशी समोर आकांक्षा मॅडम होत्या. नव्या एचआर मॅनेजर, तिशीच्या आतबाहेर, आणि मागच्या सगळ्या करारांची इतिवृत्तं वाचून आलेल्या. अशी माणसं फार घातक.

"धुरीसाहेब, अडतीस जण कायम. एक ते चौदा मान्य. पंधरा, सोळा, सतरा नेहमीप्रमाणे."

"नेहमीप्रमाणे म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही सोडता."

"सतरा सोडायची नाय, मॅडम."

मॅडम समजूतदारपणे हसल्या. "मागच्या वेळी शिमग्याबद्दलही असंच म्हणाला होतात."

"ही खरी आहे ओ!"

"तेव्हाही 'ही खरी आहे' म्हणाला होतात. इतिवृत्तात आहे."

धुरींनी टेबलावर मूठ आपटली. मॅडमनी पाण्याचा ग्लास आधीच बाजूला घेतला होता. ते तरातरा बाहेर गेले, तर बाहेर त्यांच्यासाठी चहा ओतून ठेवलेला, कारण फायलीप्रमाणे या टप्प्याला ते बाहेर येऊन चहा घेत. चहा तसाच ठेवून ते परत आले. बोलायला तोंड उघडलं आणि डोळे भरले. एकवीस वर्षांत पहिल्यांदाच, आपोआप भरले.

"मॅडम, त्या बाईने फक्त माझं ऐकलं हो."

मॅडमनी टिश्यूचा डबा पुढे सरकवला. "ट्रस्टींनी सांगितलंच होतं. धुरी रडले की करार झाला समजायचं." त्यात टोमणा नव्हता. आपण जुनी रीत पाळतोय असंच त्यांना वाटत होतं. "आणि आता सतरासाठी मी परत ट्रस्टींकडे गेले, तर एक ते चौदाही पुन्हा उघडतील. बाईंना लेबर कोर्ट आहेच की."

राधाबाईंना निवृत्तीला चार वर्षं होती. तिथल्या केसला नऊ तरी लागत.

विनीत कानाशी लागला. "भाऊ, खाली अडतीस पोरं उभी आहेत. ग्रुपवर मेसेज पण गेला. मारा सही. मावशींचं नंतर बघू."

"नंतर म्हणजे कधी रे?"

"नंतर म्हणजे... नंतर."

धुरींनी सही केली. ती नेहमीसारखीच झोकदार आली, त्याचीच त्यांना लाज वाटली.

गुलाल अंगावर पडायच्या आत ते निघाले आणि चालत लालबागला गेले. राधाबाई चाळीच्या गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या.

"या भाऊ. करार झाला म्हणे. आमच्या वॉर्डातली दर्शना झाली कायम?"

"झाली. अडतीसच्या अडतीस."

"बरं झालं. चार वर्षं लटकली होती पोरगी." राधाबाईंनी एक काडी मोडली. "आणि माझं?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं धुरी विसरले. "राधाबाई, मी खूप भांडलो. मूठ आपटली, उठून बाहेर गेलो. रडलोसुद्धा, आईशप्पथ."

"ते तुम्ही दर वेळी करता, भाऊ," राधाबाई म्हणाल्या. पेशंटच्या नातेवाइकाला भेटायची वेळ सांगावी, तशा.

त्या आत गेल्या आणि एक चावी घेऊन आल्या. "लॉकरची. माझ्याकडेच राहिली. दर्शनाला लागेल, ऑफिसात जमा करा."

धुरींनी चावी खिशात टाकली. निघायला वळले, तर राधाबाई उभ्याच.

"पावती?"

"कसली?"

"चावीची. तुम्हीच शिकवलंत ना गेट मीटिंगला, मॅनेजमेंटच्या माणसाच्या हातात काही दिलं तर लेखी घ्यायचं."

राधाबाईंनी कॅलेंडरचं मागचं पान फाडून दिलं, पेन दिलं. धुरींनी कठड्यावर कागद ठेवून लिहिलं, चावी मिळाली, आणि खाली सही केली. राधाबाईंनी कागद उजेडात धरून सावकाश वाचला आणि परत त्यांच्यापुढे केला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.